अरुण शौरी: एडिटर, मंत्री आणि कुठल्याच पक्षाला न पचलेला माणूस

सदू_ठाणेकर (धागाकर्ता)

राम राम मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज लिहून टाकतो.

पत्रकार राजकारणात गेला की आपल्याकडे लोक एका शब्दात निकाल लावतात, विकला गेला. उदाहरणं मराठीतच भरपूर आहेत. विद्याधर गोखले लोकसत्तेचे संपादक, ते १९८९ला शिवसेनेकडून लोकसभेत गेले, मटाचे भारतकुमार राऊत सेनेकडूनच राज्यसभेत, कुमार केतकर काँग्रेसकडून, आणि संजय राऊतांचं तर सामना आणि खासदारकी दोन्ही बरोबरच चालू. पण अरुण शौरींच्या बाबतीत हा निकाल मला कधीच पटलेला नाही. ते भाजपमध्ये गेले, मंत्री झाले, पक्षाच्या कडक उजव्या बाजूने बोलले लिहिले, सगळं मान्य. तरी माणूस काम कसं करायचा ते शेवटपर्यंत बदललं नाही असं माझं मत आहे, आणि त्यामुळेच पक्षात ते कधी रुजले नाहीत.

मुळात ते बातमीदारी करत करत वर आलेले नव्हेत. सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीची इकॉनॉमिक्सची पीएचडी, मग वर्ल्ड बँकेत नोकरी, आणीबाणीत इंदिराबाईंच्या विरोधात लिहायला लागले आणि १९७९च्या सुरुवातीला इंडियन एक्स्प्रेसचे मालक रामनाथ गोएंकांनी त्यांना उचलून थेट पेपरचे एक्झिक्युटिव्ह एडिटर केलं. म्हणजे रिपोर्ट आणि आकडे वाचायची सवय असलेला माणूस एकदम एडिटरच्या खुर्चीत. सोर्स काय म्हणाला यापेक्षा कागद काय म्हणतो ते बघायचं, सगळे कागद एका ओळीत लावायचे आणि मग समोरच्याला पळायला जागा ठेवायची नाही, हे त्यांनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या बाबतीत केलं, राजीव गांधींच्या बाबतीत केलं, मंत्री असताना सरकारी फायलींच्या बाबतीत केलं आणि शेवटी मोदींच्या बाबतीतही केलं.

१९९० नंतरच्या पिढीला ते फक्त डिसइन्व्हेस्टमेंटवाले (सरकारी कंपन्या विकणारे) मंत्री किंवा टीव्हीवर मोदींवर टीका करणारे आजोबा म्हणून माहीत आहेत, म्हणून हा धागा. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांनी प्लीज लिहा.

कोकणचा_काका

मी बघितलाय तो काळ. अंतुले १९८०च्या जूनमध्ये मुख्यमंत्री झाले आणि आम्हा कोकणातल्या लोकांना केवढा आनंद झाला होता, आपला माणूस, कामाचा झपाटा असलेला, निर्णय जागच्या जागी. तो झपाटा खराच होता हे मी आजही म्हणेन.

आताच्या मुलांना हे समजणार नाही पण सिमेंट तेव्हा कंट्रोलमध्ये होतं. दुकानात जाऊन गोणी आणली असं नव्हतं, घराला एक खोली वाढवायची तरी परमिट लागायचं आणि परमिट असलं तरी माल येईपर्यंत वाट बघा, नाहीतर काळ्या बाजारात चढ्या भावाने घ्या. त्यामुळे ज्याच्या सहीने सिमेंट सुटतं त्याच्या हातात केवढी ताकद असेल विचार करा. बिल्डरांना कोट्याबाहेर सिमेंट मिळत होतं आणि त्याच बिल्डरांचे चेक मुख्यमंत्र्यांनी काढलेल्या ट्रस्टमध्ये जात होते, त्यातल्या एका ट्रस्टचं नावच इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. ३१ ऑगस्ट १९८१ला एक्स्प्रेसमध्ये शौरींचा लेख आला, हेडिंग होतं 'इंदिरा गांधी अॅज कॉमर्स'. कुजबुज आधीपासून होतीच, सगळ्यांना सगळं माहीत होतं, पण कुणी किती दिले आणि त्याला काय मिळालं हे असं समोरासमोर मांडलेलं कुणी बघितलं नव्हतं. जानेवारी १९८२मध्ये मुंबई हायकोर्टात जस्टिस लेंटिन यांचा निकाल आला, देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांचा संबंध आहे असं कोर्टाने म्हटलं, आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी बाबासाहेब भोसले आले.

मला अंतुल्यांबद्दल आजही आपुलकी आहे तरी सांगतो, तो लेख आला नसता तर ते प्रकरण विधानसभेच्या गोंधळात विरून गेलं असतं.

पेठेतला_वकील

काका, छान लिहिलंत. पण क्रेडिट वाटून द्यायला हवं. लेखाने सरकार हललं हे खरं, पण अंतुले गेले ते कोर्टाच्या निकालाने आणि कोर्टात लोक गेले म्हणून निकाल आला. पा. बा. सामंतांसारखी समाजवादी मंडळी हायकोर्टात उभी राहिली. भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी तक्रार केली, तो खटला सुप्रीम कोर्टापर्यंत अनेकदा वरखाली झाला आणि १९८८चा अंतुले विरुद्ध नायक निकाल आजही लॉ कॉलेजात शिकवतात, कारण कोर्टाने स्वतःचाच आधीचा आदेश चुकीचा ठरवला होता. शेवटी शिक्षा काही झाली नाही, अंतुले पुढे केंद्रात मंत्रीसुद्धा झाले.

हे सांगायचं कारण, वर्तमानपत्र कागद बाहेर काढतं पण ते कागद घेऊन पुढची वर्षानुवर्षं तारखा करणारं कुणीतरी लागतं. शौरींच्या घरात हे दोन्ही होतं. वडील एच. डी. शौरी, निवृत्त सनदी अधिकारी, त्यांनी कॉमन कॉज नावाची संस्था काढली. १९८२च्या सुप्रीम कोर्टाच्या नाकरा निकालात (आधी निवृत्त आणि नंतर निवृत्त असा पेन्शनमध्ये भेद करता येणार नाही, हा तो निकाल) पेन्शनरांच्या बाजूने ती संस्था होती. तुमच्या घरात कुणी सरकारी पेन्शनर असेल तर त्यांना विचारा नाकरा म्हणजे काय, तारखेसकट सांगतील. (१७ डिसेंबर, तो दिवस पेन्शनर डे म्हणून पाळतात.)

रेवा_नाशिक

मला एक्स्प्रेसच्या त्या काळाबद्दल लिहायचंय, कारण फक्त अंतुले अंतुले होतं. १९७९ला बिहारच्या तुरुंगात खटला न चालता वर्षानुवर्षं सडणारे कैदी, त्यावरच्या एक्स्प्रेसमधल्या लेखांवरून सुप्रीम कोर्टात हुसैनारा खातून केस उभी राहिली. १९८०ला भागलपूरला पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडले ती बातमी. १९८१ला अश्विनी सरीन या बातमीदाराने २३०० रुपयांना एक बाई विकत घेऊन दाखवली की या देशात बायका विकल्या जातात. ही सगळी शौरी एडिटर असतानाची कामं, केलेली मात्र त्या त्या बातमीदारांनी.

आणि त्या शेवटच्या प्रकरणावरूनच तेंडुलकरांनी 'कमला' लिहिलं. मी कॉलेजमध्ये त्यात काम केलंय म्हणून मला ते फार जवळचं आहे. तेंडुलकरांनी प्रश्न पत्रकारालाच विचारला होता, की व्यवस्था उघडी पाडताना तू त्या बाईला काय समजलास, माणूस की पुरावा? शौरींच्या सगळ्या करिअरकडे बघताना मला हाच प्रश्न पडतो. त्यांना पुरावा फार दिसतो, माणूस त्यामानाने कमी दिसतो. अपवाद त्यांचा मुलगा आदित्य. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, आणि त्याच्याबद्दल आणि देवाबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते वाचताना हाच माणूस का असं वाटतं.

सदू_ठाणेकर (धागाकर्ता)

रेवाताई, पुरावा दिसतो पण माणूस कमी दिसतो, हे अगदी बरोबर पकडलंत. मी राजकारणाकडे येतो आता.

१९८२ला एक्स्प्रेसमधून बाहेर, त्याच वर्षी मॅगसेसे पुरस्कार, मग चार वर्षं इकडेतिकडे लिखाण, १९८६ला टाइम्समध्ये, आणि १९८७ला पुन्हा एक्स्प्रेसमध्ये आले ते बोफोर्सच्या ऐन गदारोळात. राजीव गांधींनी १९८८ला बदनामीविरोधी बिल आणलं ते देशभरातल्या पत्रकारांनी रस्त्यावर येऊन मागे घ्यायला लावलं, त्यात एक्स्प्रेस सगळ्यात पुढे. व्ही. पी. सिंगांना वर आणण्यातही एक्स्प्रेसचा वाटा मोठा आणि मग त्याच व्ही. पीं.नी मंडल आणल्यावर शौरी त्यांच्यावर तुटून पडले. १९९०ला गोएंकांनी त्यांना काढलं. तिथून पुढे पुस्तकं, कॉलम, अयोध्या, धर्मांतर, डावे इतिहासकार, आणि १९९८ला उत्तर प्रदेशातून भाजपचे राज्यसभा खासदार. म्हणजे उजवीकडे जाणं अचानक झालं नाही, पत्रकार असतानाच झालं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणि सहीनिशी. ज्याला विकला जाणं म्हणतात ते असं नसतं.

नागोठणेकर

डिसइन्व्हेस्टमेंटबद्दल मी लिहितो कारण आमच्या गावाने ते जवळून बघितलंय. आयपीसीएल या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीचा मोठा प्लँट नागोठण्याला. २००२ला सरकारने २६ टक्के हिस्सा आणि मॅनेजमेंट रिलायन्सला दिलं, १४९१ कोटींना. त्या आधीचे काही महिने गावात दुसरा विषय नव्हता. सरकारी कंपनी म्हणजे क्वार्टर, शाळा, मुलाला चिकटवता येईल ही आशा, ते सगळं जाणार की राहणार कुणालाच माहीत नाही. शौरींनी संसदेत आणि लेखांत दिलेली आकडेवारी मी नंतर वाचली, ती चोख होती, बोलीची पद्धत, सल्लागार, राखीव किंमत, सगळं. पण कामगाराला काय वाटत असेल यावर त्यात मला काही सापडलं नाही. रेवाताईंचा प्रश्न इथेही लागू होतो.

बाल्को या सरकारी अॅल्युमिनियम कंपनीच्या विक्रीविरुद्ध तर छत्तीसगडमध्ये कोरब्याला कामगारांचं ६७ दिवस आंदोलन चाललं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २००१मध्ये सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि आर्थिक धोरणात कोर्टाने पडायचं नाही असं सांगितलं. कायद्याने ते जिंकले. लोकांची समजूत काढायचं काम मात्र कुणी केलंच नाही, आणि ते काम राजकारण्याचं असतं.

बोरिवली_लोकल

मुंबईकरांनी सेंटॉरची आठवण काढायलाच हवी. एअरपोर्टजवळचं सेंटॉर हॉटेल सरकारने ८३ कोटींना विकलं आणि घेणाऱ्याने काही महिन्यांतच ते सहाराला ११५ कोटींना विकलं. मग सरकारने कमी किमतीत का दिलं? कॅगनेही यावर ताशेरे ओढले. शौरींचं उत्तर होतं की बोली खुली होती, शेवटपर्यंत एकच बोलीदार टिकला, पुढे त्याला कुणी जास्त देईल हे विकणाऱ्याला आधी कळत नसतं. उत्तर तर्काला धरून आहे पण माझं समाधान झालेलं नाही. दुसऱ्या कुणा मंत्र्याच्या काळात हे झालं असतं तर एडिटर शौरींनी त्याला सोडलं असतं का? मला तरी वाटत नाही. उदयपूरच्या लक्ष्मी विलास हॉटेलच्या विक्रीत तर २०२०ला सीबीआय कोर्टाने त्यांच्यावर गुन्हा नोंदवायला सांगितलं, सीबीआय स्वतः केस बंद करा म्हणत असताना. हायकोर्टाने मग त्याला स्थगिती दिली.

आणि आमच्या भागाचे खासदार राम नाईक तेव्हा पेट्रोलियम मंत्री. एचपीसीएल आणि बीपीसीएल विकायला त्यांचा आणि जॉर्ज फर्नांडिसांचा कडक विरोध. एकाच कॅबिनेटमधले मंत्री उघड उघड दोन बाजूंना. शेवटी सप्टेंबर २००३ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या कंपन्या संसदेने कायदा करून राष्ट्रीयीकृत केल्या आहेत, कायदा न बदलता विकता येणार नाहीत. थांबली विक्री. मला यात राम नाईक जास्त बरोबर वाटतात. ते निवडून येत होते, रिफायनरीतला कामगार त्यांना स्टेशनवर भेटत होता. शौरींनी लोकसभा कधी लढवलीच नाही.

सरकारी_बाबू_निवृत्त

बोरिवलीकर, तुमचा शेवटचा मुद्दा मान्य आहे, पण मी आतून बघितलेली बाजू सांगतो. मंत्री फायली वाचत नाहीत. खाली सही कुठे करायची एवढं बघतात. हा माणूस प्रत्येक नोटिंग वाचायचा असं दिल्लीतले आमचे सहकारी सांगायचे. त्यांनीच नंतर लिहिलेली ती शाईची हकीगत प्रसिद्ध आहे. १९९९ला पोलाद मंत्रालयातल्या दोन अधिकाऱ्यांनी फाइलवर लाल आणि हिरव्या शाईत शेरा लिहिला, त्यावरून प्रश्न निघाला की निळ्या काळ्याशिवाय दुसरी शाई वापरता येते का, आणि ती फाइल छपाई खात्यापासून अभिलेखागारापर्यंत आणि लष्करी नियमावलीपर्यंत फिरत राहिली. शेवटी ठरलं की जॉइंट सेक्रेटरी आणि वरच्यांनीच, तेही क्वचित. वाचणारे हसतात. मला हसू येत नाही कारण अशा फायली मी आयुष्यभर हलवल्या आहेत. ती हकीगत लोकांपुढे आणायला मंत्र्यात एक पत्रकार जिवंत असावा लागतो.

जानेवारी २००३ला प्रमोद महाजनांकडचं टेलिकॉम आणि आयटी खातं काढून यांच्याकडे दिलं. दोघे एकमेकांच्या अगदी उलट. महाजनांना माणसं पाठ, यांना कागद पाठ. पक्ष महाजनांसारख्या माणसांवर चालतो.

निळाई

इतका वेळ वाचत होते. १९९७ला बाबासाहेबांवर त्यांनी जे पुस्तक लिहिलं त्याचा अजून कुणी उल्लेखही केलेला नाही, म्हणून लिहिते. आमच्या घरात शौरी हे नाव त्या पुस्तकामुळेच माहीत आहे, अंतुले प्रकरणामुळे नाही.

धागाकर्ते म्हणतात त्यांची पद्धत एकच राहिली. बरोबर. पण ती पद्धत सरकारी वकिलाची आहे. आधी आरोपी ठरवायचा मग त्याच्या विरोधातले कागद जमवायचे. मुख्यमंत्र्याविरुद्ध हे चालतं कारण त्याच्या बाजूने बोलायला अख्खं सरकार असतं. इतिहासात नाही चालत. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर मंत्री होते, हा जणू गुन्ह्याचा पुरावा. ज्या समाजाला काँग्रेसच्या सभेत मागे बसायला जागा नव्हती त्याच्या नेत्याने कुठे बसायचं होतं? आणि घटना बाबासाहेबांनी लिहिली हे मिथक आहे म्हणे. ५ नोव्हेंबर १९४८ला टी. टी. कृष्णम्माचारी घटना समितीत उभे राहून सांगतात की मसुदा समितीचे बाकीचे लोक या ना त्या कारणाने नव्हते आणि भार शेवटी डॉ. आंबेडकरांवर पडला. कृष्णम्माचारी काही आंबेडकरवादी नव्हते. आणि बाबासाहेबांनी स्वतः २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिलेलं आहे, लपवलेलं नाही. वसंत मून यांनी संपादित केलेले महाराष्ट्र शासनाचे खंड आमच्या कपाटात आहेत, आम्हीही कागद वाचतो.

पेठेतला_वकील

निळाई, दंडवत. कृष्णम्माचारींच्या भाषणाचा मुद्दा खोडणं कुणालाही अवघड आहे. ते पुस्तक मी तेव्हा आवडीने वाचलं होतं आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच लोकांनी ते डोक्यावर घेतलं होतं, मुख्यतः कुणीतरी "हिंमत केली" म्हणून. त्याच ओळखीतले लोक २०२५ला शौरींचं सावरकरांवरचं पुस्तक आल्यावर त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिता येत नाही. पद्धत तीच, अवतरणांची रास, आरोपपत्राची रचना, समोरच्याला जागा न ठेवणं. तेव्हा अभ्यासू, आता अर्धवट.

रेवा_नाशिक

हो, आणि उलटंही तेवढंच खरं आहे. ज्यांनी १९९७ला त्यांना जातीयवादी म्हटलं त्यातलेच काही आता सावरकरांवरचं पुस्तक भेट म्हणून वाटताहेत. निळाईंनी जी कसोटी लावली तीच सावरकरांच्या पुस्तकाला लावायला हवी ना. त्या काळातले सगळे कागद घेतलेत की सोयीचे तेवढे?

सदू_ठाणेकर (धागाकर्ता)

निळाई, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. सरकारी वकिलाची पद्धत हा शब्द मी उचलतो आणि तो धरून शेवटचा भाग लिहितो.

२००९ला भाजप दुसऱ्यांदा हरला, जिनांवरच्या पुस्तकासाठी जसवंत सिंगांना काढलं, आणि शौरींनी शेखर गुप्तांना टीव्हीवर मुलाखत देऊन अध्यक्षांना हम्प्टी डम्प्टी म्हटलं, संघाने पक्ष ताब्यात घ्यावा म्हणाले. हा माणूस तेव्हा पक्षाचा विद्यमान खासदार होता. पुन्हा राज्यसभा मिळाली नाही यात नवल काय. २०१४ला मोदींच्या बाजूने बोलले, अर्थमंत्री होतील अशी चर्चा होती, झाले नाहीत. २०१५पासून टीका सुरू, काँग्रेस अधिक गाय म्हणजे हे सरकार हे त्यांचंच वाक्य. लोक म्हणतात पद मिळालं नाही म्हणून. असेलही थोडं, माणूसच आहे. पण २०१८ला यशवंत सिन्हा आणि प्रशांत भूषण यांच्याबरोबर राफेल विमान खरेदीची केस घेऊन सुप्रीम कोर्टात गेले, दोनदा हरले, तेव्हा वय ७७-७८. या वयात पद मिळवायचा हा रस्ता नसतो. २०१९च्या डिसेंबरमध्ये लवासाला पडले आणि पुण्यात हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मोदी स्वतः भेटायला आले होते, राफेलचा फेरविचार अर्ज फेटाळून महिनाही झाला नव्हता. हे मला दोघांच्याही बाबतीत चांगलं वाटलं.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. २०२१ला राजद्रोहाच्या १२४अ कलमाविरुद्ध जे सुप्रीम कोर्टात गेले त्यात शौरी आणि वडिलांची कॉमन कॉज होती. मे २०२२ला कोर्टाने ते कलम थांबवलं. केसरीतल्या लेखांसाठी टिळकांना मंडालेला पाठवलं ते याच कलमाखाली.

निळाई

सदूभाऊ, १२४अ चं माहीत नव्हतं, चांगलं केलं त्यांनी. पण केसच्या कागदात आणि त्या पुस्तकात एक फरक आहे. कोर्टात दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल लागत नाही. पुस्तकात आणि मंत्रालयात त्यांना ती ऐकायची गरज पडली नाही.

नागोठणेकर

+१. कोरब्याच्या कामगारांनाही हेच म्हणायचं होतं.

कोकणचा_काका

लेंटिन यांचं निकालपत्र कुणाकडे पूर्ण असेल तर कळवा. माझ्याकडे तेव्हाची कात्रणं आहेत पण मधली पानं वाळवीने खाल्ली.

पेठेतला_वकील

काका, बार लायब्ररीत जुने लॉ रिपोर्टर आहेत, सोमवारी बघतो. मिळालं तर झेरॉक्स पाठवतो, पत्ता व्यनि करा.